उद्याचा ताप

"बाई, मला ताप आलाच नाही."

सकाळचे सव्वासात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या करून देणाऱ्याची टपरी, ती अजून बंद, आणि तिच्या फळीवर गणवेश घालून, दोन्ही वेण्या घट्ट बांधून, दप्तर मांडीवर घेऊन माझ्या वर्गातली टाचणी बसलेली. मला बघताच टुणकन उठली आणि ना नमस्कार ना चमत्कार, एकदम हे वाक्य. चेहरा असा की वर्गाची काच हिच्याच हातून फुटलीय. "आईला सांगितलं होतं, बाई म्हणाल्यात, उद्या तुला ताप येणार. आईनं झोपताना हात लावून बघितला, कामावर जाताना बघितला. नाहीच आला. मग आता शाळेत येऊ, का नको?" एकोणतीस वर्षं मास्तरकी केली, पोरांनी माझी हजार वेळा माफी मागितली असेल, पण आजारी पडलो नाही म्हणून माफी मागणारं हे पहिलंच. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एरवी माझं तोंड असं मिटत नाही, आमचे हे तर म्हणतात की देवाने तुला झोप दिली ती शेजाऱ्यांच्या सोयीसाठी. "चल," एवढंच म्हटलं आणि चालायला लागले. टाचणी माझ्या डाव्या बाजूने, अर्धं पाऊल मागे, शाळेतली पोरं बाईंबरोबर चालतात तशी.

आता हा ताप काय भानगड आहे ते सांगायला हवं, नाही तर मी कोणी चेटकीण वाटेन. आमच्या शाळेत दर वर्षी याच सुमाराला तापाची साथ येते. आदल्या दिवशी शेवटच्या तासाला वर्गशिक्षिकेने ठरलेल्या मुलांना एकेक करून बाजूला घ्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचं, उद्या तुला ताप येणार आहे हं. पोरं लगेच ओळखतात. गरिबाघरच्या पोरांना इशारा फार चटकन कळतो. त्यावर तर त्यांचं घर चालतं. सुट्टी मिळाली म्हणून उड्या मारत जातात. टाचणीने मात्र ते खरंच मानलं. चहाच्या खोलीत बाकीच्या बाई मला विचारतात, यंदा साथ कितीची? यंदा माझ्या चौथीत साथ होती अकराची. एकतीसपैकी अकरा. हजेरी वीसच्या खाली गेली तर परीक्षा पुन्हा घेतात, म्हणून अकराच, एकही जास्त नाही. कारण त्या दिवशी वरून माणूस येतो, चौथीच्या प्रत्येक मुलाला एक कार्ड देतो आणि वाच म्हणतो. चारांतल्या तिघांना वाचता आलं तर शाळेच्या फाटकावर पिवळी पाटी. नाही आलं तर लाल. हिरवीही असते म्हणे, आम्ही ती फक्त पत्रकात पाहिली. सलग तीन वर्षं लाल राहिली की शाळा बंद, आणि मुलं आठ पदरी रस्त्यापलीकडच्या शाळेत. आमच्या वस्तीतली पोरं तो रस्ता ओलांडणार नाहीत, त्यांच्या आया त्यांना ओलांडू देणार नाहीत. म्हणून गेली तीन वर्षं आम्ही ताप वाटतोय. कोणाला वाटेल आम्ही चोर आहोत. असूही. पण चोरी करताना आमचे हात थरथरायचे नाहीत, उलट आपण काही तरी वाचवतोय असंच वाटायचं. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, तर म्हणायचेच, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडून कोणाचं भलं झालंय?" आणि माणूस वाईट नाही हो. शाळेचं फाटक स्वतः रंगवतात, सुट्टीत. सकाळी आल्यावर आधी खिशातला रुमाल काढून ती पिवळी पाटी पुसतात, मग चष्मा पुसतात. त्याच रुमालाने.

चालता चालता टाचणीने विचारलं, "बाई, ताप आता दुपारी आला तर?" मी म्हटलं, "येऊ दे की. मी आहे ना." आणि माझं मलाच हसू आलं, कारण मी आहे म्हणूनच तर तो येणार होता. रस्ता नुकताच झाडलेला, कचऱ्याचे ढीग अजून कडेला, पाववाल्याच्या दुकानातून गरम वास. टाचणीने तो वास नाकाने ओढून घेतला, मी बघितलं, आणि तिने मी बघितलेलं बघितलं. मग दोघींनी समोर बघितलं. टाचणी हे नाव माझंच. पहिल्या दिवशी आली तेव्हा फ्रॉकला मागे एकही बटण नव्हतं, वरपासून खालपर्यंत सहा टाचण्या ओळीने लावलेल्या, अगदी सारख्या अंतरावर. मी विचारलं, कोणी लावल्या? म्हणाली, मीच. मागे हात कसा पोचला? म्हणाली, आधी लावल्या, मग घातला. बाकी पोरं हसली, मी मात्र तिथेच तिच्या प्रेमात पडले. एवढी अक्कल माझ्यात नाही. तिची आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या करते, पहाटे पाचला निघते. पालकसभेला आली तेव्हा हातांची कातडी पांढरी पडलेली, बोटं सतत काही तरी दुमडत होती, माझ्या टेबलावरचा कागदसुद्धा तिने बोलता बोलता चार पदरी करून ठेवला. म्हणाली, "बाई, आमची कशी धडाधड वाचते! मी परत येऊन पाय पसरते आणि ती मला धडे वाचून दाखवते. एक अक्षर चुकत नाही." मी म्हटलं, हो, हुशार आहे. म्हटलं तेव्हा ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या महिन्यात कळलं. टाचणीच्या शेजारच्या पोरीचं पुस्तक होतं, दोघींत एक, आणि त्यातलं एक पान फाटून गेलेलं. मला माहीत नव्हतं. टाचणी उभी राहून वाचत होती, बोट ओळीखालून सरकत होतं, आवाज खणखणीत, तळ्याकाठच्या म्हाताऱ्याचा धडा. मी फळ्याजवळून फिरत फिरत तिच्या मागे आले आणि पुस्तकात बघितलं. म्हातारा तळ्यात उतरण्याआधीच पान संपलं होतं आणि पुढच्या पानावर एकदम प्रश्न होते, खालील शब्दांचे अर्थ लिहा. आणि टाचणी म्हाताऱ्याला तळ्यात उतरवत होती, पोहायला लावत होती, काठावर आणून त्याचे कपडे पिळत होती. बोट प्रश्नांवरून सरकत होतं. एक अक्षर चुकलं नाही. अख्खं पुस्तक पाठ! दुसरीत दुसरीचं, तिसरीत तिसरीचं, आता चौथीचं, सगळं पोरांच्या आणि माझ्या तोंडून ऐकून. वाचता न येणं लपवायला हिने जेवढी मेहनत घेतली होती तेवढ्यात दहा जणी वाचायला शिकल्या असत्या. आणि मी काय केलं? "शाबास, बस" म्हटलं. दुसरं काय म्हणणार, तीस जण बघत होते. नंतर शाळा सुटल्यावर चार दिवस बसवलं तिला, अक्षरं काढून घेतली. पाचव्या दिवशी शिक्षकांची बैठक, सहाव्या दिवशी मोजणी का कसली तरी ड्यूटी, मग तोंडावर चाचणी, मग राहिलंच. राहिलंच हा शब्द किती सोयीचा आहे. कोणी तरी केलं असं त्यात म्हणावंच लागत नाही.

आमच्या वेळी लाल-पिवळ्या पाट्या नव्हत्या, म्हणून आमच्या वेळी सगळं सोन्यासारखं होतं असं मला कोणी सांगायला येऊ नये. आमच्या वेळी तपासणीला साहेब यायचे. साहेब येणार त्या दिवशी माझा धाकटा भाऊ कपाटामागे. खरोखरच्या कपाटामागे, नकाशे ठेवायचं लाकडी कपाट होतं त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत तीन पोरं उभी करायचे, त्यात हा. मी पुढच्या रांगेत, माझं अक्षर चांगलं म्हणून. साहेब माझी वही बघून मान हलवायचे आणि मला त्या फटीतून धाकट्याची चप्पल दिसायची. घरी येताना तो म्हणायचा, ताई, तिथे मस्त गार असतं. आज तो बावन्न वर्षांचा आहे, टेम्पो चालवतो, दोन पोरींची लग्नं केली, हाताला चव अशी की त्याने केलेला चहा पिऊन माणूस भांडण विसरेल. आणि कुठलाही कागद आला की माझ्याकडे येतो. "चष्मा घरी राहिला ग ताई, तूच वाच." वीस वर्षं त्याचा चष्मा घरी राहतोय. मीही कधी म्हटलं नाही की अरे, तुला चष्मा लागलाय कधी? टाचणीच्या आईने एकदा हॉस्पिटलमधून कसला तरी छापील कागद आणला आणि हिला वाचायला दिला, तर ही म्हणाली, आई, उजेड कमी आहे. तिच्या आईनेच मला कौतुकाने सांगितलं, पोरीचे डोळे जपायला हवेत म्हणून. मी ते ऐकलं आणि मला धाकट्याची चप्पल दिसली. आणि तरी यंदाच्या तापाच्या यादीत पाचवं नाव मी तिचंच लिहिलं. माणूस दगड असतो की नाही ते त्याचं त्यालाही कळत नाही.

आमचे हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. औषधाच्या खोक्यातला कागद अथपासून इतिपर्यंत वाचतात, औषध घ्यायला मात्र विसरतात. पाट्यांचं ते पत्रक मी तीन वर्षांपूर्वी घरी आणलं आणि कपड्यांच्या कपाटात खाली अंथरलं. यंदाच्या परीक्षेच्या महिनाभर आधी यांनी मोजे शोधता शोधता ते वाचून काढलं. सकाळी चहा पिताना म्हणतात, "अकरावं पान वाचलंस का?" मी म्हटलं, मला वेळ आहे का? चौथ्या पानावर रंग आहेत, सगळ्या जगाने तेवढंच वाचलंय. तर म्हणाले, "लाल शाळेला एक वाचनशिक्षिका मिळते. रोज दोन तास, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. पिवळीला नाही." मी कप खाली ठेवला. "दोन व्याकरणाच्या चुका आहेत त्या वाक्यात," ते पुढे म्हणाले, "पण अर्थ लागतो." मी त्यांच्यावर उखडले. उगाचच. म्हटलं तुम्हाला काय, घरी बसून चुका काढायच्या. ते चहा पीत राहिले, त्यांना सवय आहे. पण दिवसभर माझ्या डोक्यात तेच. म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, आणि म्हैस आम्हीच लपवून ठेवलेली. कालव्यापलीकडच्या शाळेला लाल पाटी लागली तेव्हा आम्ही त्यांची कीव केली होती. तिकडे दोन वर्षं कोणी तरी रोज दोन तास बसून पोरांना वाचायला शिकवतंय आणि इकडे आम्ही पोरांना आजारी पाडतोय. मोठ्या सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, रुमालाची घडी केली. "बाई, ती येईल न येईल. पाटी मात्र नक्की लागेल. आणि तीन वर्षं मोजायला सुरुवात होईल." त्यांचंही खोटं नव्हतं. म्हणूनच मी यादी लिहिली. दोन खरं बोलणारी माणसं समोर असली की आपण ज्याच्या हातात शिक्का असतो त्याचं ऐकतो.

फाटकाशी सर उभे होते, आज टाय लावलेला. टाचणीला बघून त्यांचा चेहरा पडला. "ही इथे कशी?" "पायी आली सर," मी म्हटलं. "बाई, चेष्टा नको. वीसांत पंधरा आहेत आपले वाचणारे. मोजून पंधरा. एकवीस झाले तर पंधरा पुरत नाहीत." आवाज खाली आणून म्हणाले, "तिला वाचनालयात बसवा. चित्रांची पुस्तकं द्या." वाचनालय म्हणजे जिन्याखालची खोली, तिथे पुस्तकं आहेत आणि झाडूही. मी टाचणीकडे बघितलं. ती पाटीखाली उभी राहून आपली कॉलर सरळ करत होती. मी हो म्हटलं असतं तर ती गेली असती, तिथे मस्त गार असतं असं नंतर सांगितलंही असतं. माझ्या जिभेवर हो आलंच होतं. मग कसं कोण जाणे, मी तिचा हात धरला आणि जिना चढायला लागले. सर मागून "बाई, बाई" करत दोन पायऱ्या आले आणि थांबले. त्यांचे गुडघे दुखतात. माझे पण दुखतात, पण त्या दिवशी मला ते आठवले नाहीत.

परीक्षक म्हणून आलेली मुलगी जेमतेम पंचवीसची, मांडीवर टॅब, पायात पांढरे बूट. गोड होती. प्रत्येक पोराला आधी नाव विचारायची, मग घरात कोण कोण असतं ते विचारायची, मग कार्ड द्यायची. माझे पंधरा वाचून गेले, पाच अडखळून गेले. एकविसावी टाचणी. कार्ड हातात घेतलं, पाठ ताठ केली, बोट ओळीखाली ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हातारा निघाला तळ्याकडे. परीक्षक मुलगी गोंधळली. "अगं, हे नाही. कार्डावर आहे ते वाच." टाचणी थांबली. कार्डाकडे बघितलं, कार्ड उलटं करून मागे बघितलं, मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "ताई, हे मला पाठ नाही." वर्गात कोणी हसलं नाही. मग तिने ओठ आवळले आणि पहिला शब्द धरला. घ. र. घर. त्या चार दिवसांतला असणार तो. पुढचा काही सुटेना. घाम फुटला बिचारीला. परीक्षक मुलीचं बोट टॅबवर अधांतरी. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "बाई, बरं नाहीये का हिला? तसं असेल तर आजारी म्हणून वगळता येतं. मला चालेल." टाचणीने ते ऐकलं. आणि तिचा चेहरा असा उजळला की मला ते बघवेना. इतका वेळ ज्याची वाट बघत होती तो ताप आता आला तरी चालणार होता. तिने मान वर करून कपाळ माझ्यापुढे केलं. मी तळहात ठेवला. लहानपणी आमची आई ठेवायची तसा, आधी तळवा, मग उलटा हात. तेलाचा वास, घामाने ओलं, आणि नळाच्या पाण्यासारखं थंड. मी हात जरा जास्तच वेळ ठेवला असेन. एवढ्या वेळात कितीही ताप आणता आला असता. "नाही," मी म्हटलं. "ठणठणीत आहे. जे आहे ते लिहा." टाचणीने माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. बाईंनी दगा दिला, असंच ते बघणं होतं. मधल्या सुट्टीत ती माझ्याशी बोलली नाही. डबासुद्धा माझ्याकडे पाठ करून खाल्ला.

परीक्षेनंतर पाचव्या आठवड्यात लाल पाटी लागली. मोठे सर माझ्याशी आठ दिवस फक्त लेखी बोलले, चिठ्ठ्यांतून, सहीसकट. नवव्या दिवशी वाचनशिक्षिका आली. मी कोणी देवदूत येणार असं मनात धरून बसले होते, आली ती एक जाडजूड, सतत खोकणारी बाई, स्वतःचं स्टूल काखेत मारून. म्हणाली, "शाळांच्या खुर्च्यांवर माझा विश्वास नाही." पहिल्याच दिवशी तापवाली दहा, अडखळणारी पाच आणि टाचणी, सोळांनाही जिन्याखालच्या खोलीत घेऊन बसली. झाडू बाहेर काढले. आता रोज दोन तास तिथून असा आवाज येतो की मला फळ्यावर लिहिताना दोनदा थांबावं लागतं, आणि खरं सांगते, मी मुद्दाम थांबते. सगळं बरं झालंय असं नाही. सोळातली तीन पोरं येईनाशी झाली आहेत, त्यांच्या घरच्यांनी मुक्काम हलवला. आणि गेल्या तीन वर्षांत ज्यांना मी ताप आणला ती पुढे निघून गेली, कुठे तरी सहावीत, सातवीत, उजेड कमी आहे म्हणत असतील. त्यांची तोंडं मला भांडी विसळताना आठवतात. आणखी दोन वर्षं लाल राहिली तर काय, तेही आठवतं. पण मग रात्री झोप लागते, चांगली लागते. यांना विचारा. परवा धाकटा आला होता, टेम्पोच्या विम्याचा कागद घेऊन. चष्मा घरीच. मी म्हटलं, बस, दोघं मिळून वाचू. ताडकन उठून गेला. तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी कोणाचा तरी चष्मा नाकावर चढवून दारात हजर, "हं, आणलाय. काय वाचायचं ते वाच लवकर, मला गाडी काढायचीय." एक ओळ वाचली आम्ही. त्याला घाम फुटला होता आणि चहा मला करावा लागला, तो त्याला आवडला नाही.

आज सकाळी फाटकाशी पोचले तर मोठे सर रुमाल काढून उभे. लाल झाली तरी पाटी पुसायची सवय गेलेली नाही. पण पुसत नव्हते, कारण पाटीसमोर टाचणी उभी होती, टाचा उंचावून, बोट पहिल्या अक्षराखाली. तिने आम्हाला बघितलं नाही. "या," म्हणाली. थांबली. "शा. ळेत. शाळेत." सर मागे सरकले, तिच्यावर सावली पडत होती म्हणून. "सु. धा. र. णा." मग बराच वेळ काही नाही. पुढच्या शब्दात जोडाक्षर होतं. मला सांगायची अशी ऊर्मी आली की मी पिशवीचा बंद दोन्ही हातांनी धरून ठेवला. सरांचेही ओठ हलत होते, आवाज नव्हता. "आ. व. श्य. क." मग मागे वळली, आणि सगळं एका दमात, खणखणीत, म्हाताऱ्याच्या धड्याच्या आवाजात: "या शाळेत सुधारणा आवश्यक! बाई, बरोबर?"

"बरोबर," मोठे सरच म्हणाले. रुमालाने त्यांनी या वेळी चष्मा आधी पुसला.

टाचणी माझ्याजवळ आली आणि त्या परीक्षेच्या दिवसानंतर पहिल्यांदा आपणहून माझ्या हाताला धरलं. पायऱ्या चढताना म्हणाली, "बाई, हे मला पाठ नव्हतं हं."